पूर्वेकडे दार असलेले घर: चिनलीजवळील नवाहो होगन-निवास आणि दरीची सफर

आम्ही ठरलेल्या वेळेपेक्षा एक तास उशिरा पोहोचलो आणि पोहोचल्या पोहोचल्या गाडीचा हॉर्न वाजवला. दोन्ही चुका आमच्याच होत्या, आणि अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात चिनली गावाजवळ राहणाऱ्या या नवाहो, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या, कुटुंबाकडे दोन रात्री राहून आल्यावर मला जे सांगायचे आहे त्याची सुरुवात तिथूनच करावी लागते. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करत नाही, नवाहो नेशन, म्हणजे नवाहोंचा स्वशासित मुलूख, करते, आणि नवाहोंच्या मुलखाने वेढलेला होपी लोकांचा राखीव प्रदेश पुन्हा करत नाही. फ्लॅगस्टाफहून निघून होपी पठारांवरून गनाडोच्या दिशेने येताना माझ्या मोबाइलवरची वेळ एका दुपारात तीनदा बदलली आणि त्यांतली नेमकी चुकीची मी खरी धरली. बुकिंगच्या संदेशात ‘चार वाजता, आमच्या वेळेने’ असे स्वच्छ लिहिले होते. ‘आमच्या’ हा शब्द मी सौजन्याचा समजले होते.

हॉर्नबद्दल नंतर कळले. नवाहो घरी जाणारा पाहुणा गाडी घरापासून जरा दूर उभी करतो, इंजिन बंद करतो आणि आत बसून राहतो. गाडी आल्याचे घरच्यांना कळलेले असते. हातातले काम आटोपून ते यथावकाश बाहेर येतात. आम्हाला कोणी काही बोलले नाही. पाचेक मिनिटांनी घरची लेक बाहेर आली, तिने माझ्या हाताला आपला हात नुसता टेकवला, दाबला नाही, आणि ‘या-आत-एह’, म्हणजे नमस्कार, म्हणून आत चला अशी खूण ओठांनी केली. बोटाने दाखवणे इथे उद्धटपणाचे मानतात. दिशा दाखवायची असेल तर ओठ किंचित पुढे काढून त्या बाजूला वळवतात. दोन दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीला ही खूण इतकी जमली की परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावरही ती ओठांनीच रस्ता विचारत होती.

सेवेचे स्वरूप सांगते. कुटुंब चार पिढ्यांचे आहे: आजी, तिची लेक व जावई, नातू, आणि थोरली नात व तिचे बाळ. अंगणात दोन होगन, म्हणजे नवाहोंची पारंपरिक घरे, आहेत. एकात पाहुणे राहतात, दुसरा घरच्यांच्या कार्यासाठी राखलेला असून तिथे पाहुण्यांना प्रवेश नाही. दोघींच्या दोन रात्री, दोन जेवणे आणि दोन न्याहाऱ्या यांचे 340 डॉलर झाले आणि नातवाबरोबर ट्रकमधून कॅनियन डी शे या दरीत उतरण्याचे प्रत्येकी 95 डॉलर वेगळे. पैसे रोख द्यावे लागतात. कुटुंबाचे नाव मी देत नाही, कारण निघताना आजीने तशी इच्छा सांगितली. चिनलीत अशी सोय करणारी बरीच घरे आहेत आणि मी लिहिते आहे त्यातले बहुतेक त्यांनाही लागू पडावे.

पाहुण्यांचा होगन आठ बाजूंचा, ओंडक्यांचा, मातीच्या छपराचा आणि मातीच्याच जमिनीचा आहे. मधोमध लोखंडी पिंपापासून केलेली शेगडी आणि तिचे धुराडे छपरातल्या भोकातून वर गेलेले. खिडकी नाही. दार एकच, आणि ते पूर्वेला. नवाहो होगनचे दार दुसरीकडे कुठे असूच शकत नाही. आत शिरल्यावर डावीकडून, म्हणजे दक्षिणेकडून पश्चिमेकडे आणि मग उत्तरेकडे, सूर्य जसा फिरतो तसे वळून जायचे. माझी बहीण थेट उजवीकडच्या खाटेकडे निघाली तेव्हा आजीने काही न बोलता तिच्या कोपराला हलकेच धरून तिला संपूर्ण फेरी घालायला लावली. परंपरेने उत्तरेची बाजू बायकांची आणि दक्षिणेची पुरुषांची असते, त्यामुळे आमच्या दोन्ही खाटा उत्तरेला होत्या. पश्चिमेची जागा, दाराच्या बरोबर समोरची, मानाची. तिथे आमच्या पिशव्या ठेवलेल्या पाहून आजीने त्या उचलून कोपऱ्यात ठेवल्या.

झोपेच्या बाबतीत ज्यांचे नखरे आहेत त्यांनी आधीच विचार करावा. साडेपाचला दाराच्या फटींतून उजेड आत येतो आणि थोड्या वेळाने सूर्य थेट चेहऱ्यावर. दाराला पडदा नाही. पहिल्या सकाळी मी चिडून उठले, दार उघडले, आणि अंगणाच्या टोकाला आजी पूर्वेकडे तोंड करून उभी असलेली दिसली. तिने कमरेच्या छोट्या पिशवीतून मक्याच्या फुलोऱ्याचे पराग चिमटीत घेतले, जिभेवर टेकवले, डोक्यावर टेकवले आणि उरलेले समोर हवेत सोडले. ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता. सारे मिनिटभरात आटोपले आणि ती शेळ्यांच्या वाड्याकडे गेली. मी कॅमेरा काढला नाही, याचे श्रेय मला नाही, तो खाटेवर राहिला होता. पहाटे जागे असावे, कारण त्या वेळी देवता फिरत असतात आणि झोपलेल्या घराला काही न देता पुढे जातात, असे लहानपणापासून सांगतात, हे नातवाने नंतर सांगितले. लहान मुलांना पहाटे उठवून पूर्वेकडे पळायला लावण्याची शिस्तही यातलीच.

पाण्याची आणि संडासाची गोष्ट मात्र तक्रार म्हणूनच लिहिते. नळ नाही. अंगणात पाण्याची पिंपे आहेत, जावई ती ट्रकवर घालून भरून आणतो, आणि पाहुण्यांना दिवसाला दोन बादल्या मिळतात. संडास कोरडा आणि होगनपासून ऐंशी पावलांवर. यात त्यांचा दोष नाही. नवाहो नेशनमधल्या साधारण तीनांतल्या एका घरात आजही नळाचे पाणी नाही, आणि 71,000 चौरस किलोमीटरच्या विरळ वस्तीच्या मुलखात ते लवकर येण्याची चिन्हेही नाहीत. माझे म्हणणे एवढेच की ही गोष्ट बुकिंगच्या वेळी सांगायला हवी होती. मी लेकीला तसे म्हटले. ती बराच वेळ गप्प राहिली. मी तेच दुसऱ्या शब्दांत पुन्हा म्हटले. ती तरीही गप्प. मला वाटले राग आला. मग तिने शांतपणे सांगितले की पुढच्या वेळेपासून ती लिहील. विचारलेल्यावर आधी विचार करायचा आणि मग बोलायचे, आणि मधल्या शांततेत समोरच्याने तोंड घालायचे नाही, ही इथली रीत आहे. मी एका तक्रारीत ती दोनदा मोडली होती.

संध्याकाळी जेवणाआधी आजीने विचारले की आम्ही कोणाच्या. मी गावाचे नाव सांगितले, मग नोकरी सांगितली. ती थांबूनच राहिली. लेकीने समजावले की आईच्या बाजूचे लोक कोण ते तिला हवे आहे. मग आजीने स्वतःची ओळख करून दिली, आणि तीत नाव सर्वांत शेवटी होते. आधी आईचे कूळ, ज्यात ती जन्मली. मग वडिलांचे कूळ, ज्याच्यासाठी ती जन्मली. मग आईच्या वडिलांचे आणि वडिलांच्या वडिलांचे. उंच घराचे कूळ, कडू पाण्याचे कूळ अशी ती नावे आहेत. मूल आईच्या कुळाचे असते. वडिलांचे कूळही तितकेच जवळचे मानतात आणि या दोन्हींत लग्न होत नाही. दोन अनोळखी माणसे भेटून कुळे सांगतात आणि एखादे जुळले की त्या क्षणापासून ती भावंडे किंवा मायलेकी ठरतात, त्या नात्याने हाक मारतात आणि त्या नात्याची जबाबदारीही त्यांच्यावर येते. या साऱ्याला ‘के’ असा एकाक्षरी शब्द आहे. घर, मेंढ्या आणि वापरातली जमीन बहुधा आईकडून लेकीकडे जाते, आणि जुन्या पद्धतीने लग्नानंतर जावई सासुरवाडीच्या अंगणात राहायला येतो.

जावयाचा विषय निघालाच आहे तर सांगते. आजी अंगणात आली की जावई ट्रकच्या पलीकडे जाई आणि ती आत गेली की पुन्हा दिसे. आम्ही मनातल्या मनात मोठे कौटुंबिक भांडण रचून टाकले होते. प्रत्यक्षात सासू आणि जावई यांनी एकमेकांकडे पाहू नये, समोरासमोर येऊ नये, हा जुना आदर आहे. आता फार थोडी घरे तो पाळतात. लेक हसून म्हणाली की या घरात तो पाळतात तो आजीसाठी, पण त्याचा सर्वाधिक फायदा तिच्या नवऱ्याला होतो.

जेवण साधे आणि भरपूर होते: मेंढीच्या मांसाचा पातळ रस्सा, त्यात बटाटे आणि मक्याचे दाणे, बरोबर तळलेली फुगीर भाकरी. मसाला जवळजवळ नाही, मीठ बेताचे. दुसऱ्या सकाळी निळ्या मक्याच्या पिठाची लापशी होती. तिच्यात जुनिपर या सदाहरित झाडाच्या डहाळ्यांची चाळलेली राख घालतात, तिने रंग गडद होतो आणि अंगाला कॅल्शियम मिळते. चवीला ती किंचित धुरकट, मातकट लागते आणि मला ती फार आवडली. शाकाहारी पाहुण्यांनी आधी कळवावे, नाहीतर लापशी आणि भाकरीवर भागवावे लागेल. तळलेल्या भाकरीचे सगळे कौतुक करतात, पण तिचा जन्म कैदेतला आहे: 1864 साली अमेरिकी सैन्याने नवाहोंना न्यू मेक्सिकोतल्या बोस्के रेदोंदोला नेले, तिथे शिध्यात मैदा आणि चरबी मिळे, आणि त्यातून जे करता आले ते हे. आजी ती करते, वाढते, पण स्वतः खाताना मी तिला पाहिले नाही. कारण विचारले नाही. मद्य नाही, नवाहो नेशनमध्ये दारूला बंदी आहे आणि ती सोबत आणू नये.

घरात चार महिन्यांचे एक बाळही होते, लेकीच्या थोरल्या मुलीचे. माझी बहीण त्याच्यापुढे तोंडे वेडीवाकडी करू लागली तेव्हा बाळाची आई घाईने म्हणाली, जपून, याला पहिल्यांदा जो हसवील त्याला जेवण घालावे लागते. ही गंमत नव्हती. बाळ पहिल्यांदा खळखळून हसले की ते माणसांत आले असे मानतात; हसवणारा माणूस मेजवानी देतो, आणि त्या मेजवानीत बाळाच्या हातून प्रत्येक पाहुण्याला चिमूटभर मीठ दिले जाते, म्हणजे ते मूल पुढे हात आखडता घेणारे होत नाही. उरलेले दोन दिवस बहीण त्या बाळाकडे अत्यंत गंभीर चेहऱ्याने पाहत होती.

आता दरीबद्दल. कॅनियन डी शे हे 1931 पासून राष्ट्रीय स्मारक आहे, पण तिथली जमीन नवाहोंचीच आहे. राष्ट्रीय उद्यान सेवा त्यांच्या सोबतीने फक्त व्यवस्था पाहते. कड्यावरच्या रस्त्यांवरून दरी फुकट पाहता येते, प्रवेशशुल्क नाही. तळाशी उतरायचे तर अधिकृत नवाहो वाटाड्या बरोबर लागतो, आणि तो नियम मला पूर्ण पटला, कारण खाली आजही कुटुंबांची मक्याची शेते आणि फळबागा आहेत आणि उन्हाळ्यात माणसे तिथे राहायला येतात. आपण कोणाच्या तरी परसातून जात असतो. दरीचे नवाहो नाव ‘त्सेयि’, म्हणजे खडकाच्या आत.

आदल्या रात्री मी आजीला विचारले की सकाळी तुमचा नातू आम्हाला नऊ वाजता नेईल ना. ती म्हणाली, ते त्याच्यावर आहे. पैसे भरलेल्या ग्राहकाला हे उत्तर ऐकून काय वाटते ते सांगायला नको. पण दुसऱ्याच्या वतीने, मग तो स्वतःचा नातू का असेना, शब्द द्यायचा नाही, त्याचे तो ठरवील, हा इथला फार पक्का नियम आहे आणि लहान मुलांनाही तो लागू होतो. सकाळी पावणेनऊला तो ट्रक पुसत उभा होता.

निघण्यापूर्वी सुरक्षेची सूचना म्हणून काही असते असे मी गृहीत धरले होते: पडू शकता, रुतू शकता, जबाबदारी तुमची. यातले तो काहीच बोलला नाही. पाय कुठे ठेवायचा, हात कुठे धरायचा, पाणी कधी प्यायचे, एवढेच सांगत गेला. दुपारी ट्रकचे मागचे चाक ओल्या वाळूत रुतले, तेव्हा मी वैतागून म्हणाले की अशी वाळू असते हे आधी सांगायचे नाही का. तो म्हणाला, अशा गोष्टी आधी बोलत नाहीत. बोललेले आणि मनात आणलेले घडण्याकडे झुकते, ही नवाहो विचारातली मध्यवर्ती धारणा आहे, आणि तिचा व्यवहारावर केवढा परिणाम होतो याची नोंद वैद्यकशास्त्रानेही घेतली आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की शस्त्रक्रियेचे धोके मोजून सांगणे, किंवा मरणासन्न अवस्थेत काय करावे हे रुग्णाकडून आधी लिहून घेणे, ही डॉक्टरांना प्रामाणिकपणाची वाटणारी पद्धत अनेक नवाहो रुग्णांना प्रत्यक्ष अपाय करणारी वाटते. या सगळ्याच्या मुळाशी ‘होझो’ ही कल्पना आहे. तिला मराठीत एक शब्द सापडत नाही. सौंदर्य, आरोग्य, सलोखा आणि जगाची नीट बसलेली घडी हे सारे तिच्यात एकत्र येते. ती घडी विस्कटली की आजार येतो, आणि ती पुन्हा बसवणे हाच उपचार. प्रार्थनेच्या अखेरीस ‘होझो नाहास्दली’, म्हणजे सारे पुन्हा सुंदर झाले आहे, असे चार वेळा म्हणतात. चाक काढायला पाऊण तास लागला. त्या वेळात नातवाने एकदाही आवाज चढवला नाही, आणि फेरी तेवढी कमी झाली तरी पैसे परत करण्याचा विषयही काढला नाही. ही दुसरी गोष्ट मला खटकली आणि खटकलेलीच आहे.

व्हाइट हाउस या उद्ध्वस्त वस्तीसमोर आम्ही थांबलो. पांढऱ्या गिलाव्याच्या भिंतीवरून तिला हे नाव मिळाले. सुमारे आठशे वर्षांपूर्वी तिथे राहणारे लोक नवाहोंचे पूर्वज नव्हेत, आजच्या प्वेब्लो लोकांचे, म्हणजे होपींसारख्या शेजारच्या जमातींचे. आत जायला नियमानेच मनाई आहे, पण नातू कुंपणाच्याही बऱ्याच अलीकडे उभा राहिला. जिथे माणसे मेली आणि पुरली गेली तिथे नवाहो माणूस पाऊल टाकत नाही. मेलेल्याचे जे वाईट ते मागे उरते असे मानतात, आणि घरात कोणी गेले तर जुन्या रीतीप्रमाणे होगनच्या उत्तरेच्या भिंतीला भोक पाडून देह बाहेर काढत आणि तो होगन सोडून देत. मृताचे नावही मग घेत नाहीत. दरीत भिंत फुटलेला एक होगन मी पाहिला आणि त्याविषयी विचारले; त्याने ट्रकचा वेग वाढवला.

इतिहास मात्र तो सविस्तर बोलला, आणि वाटाड्या म्हणून त्याची खरी ताकद तिथे आहे. उत्तरेकडच्या कॅनियन डेल मुएर्तो या फाट्यात, जिथे 1805 साली नार्बोना या स्पॅनिश अधिकाऱ्याच्या सैनिकांनी कड्यातल्या एका कपारीत लपलेल्या शंभराहून अधिक नवाहोंना मारले, त्या जागेखाली ट्रक थांबवून त्याने सांगितले की स्पॅनिश अहवालात मेलेले बहुतेक योद्धे आहेत आणि आमच्या आठवणीत त्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे आहेत. 1864 च्या हिवाळ्यात किट कार्सन या अमेरिकी अधिकाऱ्याच्या सैन्याने दरीतून दोन्ही बाजूंनी फिरून धान्य जाळले. त्याच वर्षी पीचची हजारो झाडे तोडली. मग लोकांना हाकत 480 किलोमीटरहून अधिक लांब बोस्के रेदोंदोला नेले. आठ हजारांहून अधिक माणसे तिथे ठेवली आणि त्यांतली दोन हजारांवर तिथेच मेली. 1868 च्या तहाच्या वेळी सरकारने त्यांना पूर्वेकडच्या इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, पाठवण्याचा विचार मांडला, तेव्हा बार्बोन्सितो या त्यांच्या नेत्याने, जो याच दरीत जन्मला होता, आपल्या चार पर्वतांच्या आतच राहू असा आग्रह धरला. पूर्वेचा ब्लँका, दक्षिणेचा माउंट टेलर, पश्चिमेची सॅन फ्रान्सिस्को शिखरे आणि उत्तरेचा हेस्पेरस हे ते चार; त्यांचे रंग पांढरा, निळा, पिवळा आणि काळा. 1 जून 1868 रोजी तह झाला आणि ते परतले. आपल्या मूळ भूमीत परत जाण्याचा हक्क तहाने मिळवणाऱ्या जमाती अमेरिकेत फार थोड्या. पीचच्या एका झाडाखाली त्याने आम्हाला उतरवले आणि फळे वाटली. ती लहान, लव असलेली आणि गोडीला कमी होती.

स्पायडर रॉक हा सुमारे 240 मीटर उंच खडकाचा सुळका दिसल्यावर मी स्पायडर वुमन या नवाहो पुराणकथांतल्या कोळीण-देवतेची कथा सांगण्याची विनंती केली. विणकाम नवाहोंना तिने शिकवले आणि ती तिथे राहते, एवढे तो म्हणाला आणि थांबला. पुढचे हिवाळ्यात. पहिल्यांदा दंव गोठल्यापासून ढगांच्या पहिल्या गडगडाटापर्यंत, साप, अस्वले आणि कोळी निजलेले असताना, या कथा सांगतात, एरवी नाही. मी म्हटले, हे तर पर्यटकांच्या पुस्तिकांतून छापलेले आहे. तो म्हणाला, मग तिथे वाचा. पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला हा नकार तुटक वाटू शकतो, मलाही वाटला. पण सबंध सफरीत मला सर्वाधिक काही कळले असेल तर ते अशा चार-पाच नकारांमधून. हे मी ऑगस्टमध्ये लिहिते आहे, म्हणून ती कथा इथे लिहीत नाही.

दुसऱ्या रात्री शेजारच्या तंबूत उतरलेल्या एका जोडप्यावरून हे अधिक स्पष्ट झाले. त्यांना शहरातल्या एका प्रवास कंपनीने ‘खरा नवाहो शुद्धीकरण विधी’ असे सांगून जादा पैसे घेतले होते, आणि तसे काही इथे होतच नव्हते. आजीने त्यांना रस्सा वाढला आणि नकार दिला. विधी हा कोणा एका माणसासाठी, त्याच्या विशिष्ट बिघाडासाठी असतो. त्याला ‘हाताली’, म्हणजे शेकडो ओळी पाठ असणारा गायक, बोलवावा लागतो. रात्रीचा मोठा विधी तर नऊ रात्री चालतो आणि तोही हिवाळ्यातच. नातेवाईक स्वयंपाकाला, लाकडाला, पाण्याला येऊन राहतात, तेव्हा तो पार पडतो. जमिनीवर रंगीत वाळूने काढलेले चित्र काम झाले की पुसून टाकतात. दुकानांत विकायला असलेल्या वाळूच्या चित्रांत काही ना काही मुद्दाम बदललेले असते, कारण जसेच्या तसे ते विकण्यासाठी नसतेच. त्या जोडप्याच्या पैशांचे काय झाले मला ठाऊक नाही. पण प्रवास कंपनीमार्फत येण्याऐवजी थेट घरच्यांशी बोलून यावे, हा सल्ला मी निःसंकोच देईन.

आजीच्या मागाजवळ बसलेला तासभर मला सगळ्यात मोलाचा वाटतो. उभा माग, खाली तिची गादी, हातात लाकडी फणी आणि समोर अर्धवट विणलेला लाल, काळा, करडा गालिचा. नक्षी कागदावर कुठेही नव्हती. लोकर तिच्याच मेंढ्यांची. ‘दिबे बे ईना’, मेंढी म्हणजे जगणे, असे नवाहो म्हणतात, आणि म्हणूनच 1930 च्या दशकात जमिनीची धूप थांबवण्याच्या नावाखाली सरकारने त्यांची जवळजवळ निम्मी जनावरे काढून घेतली किंवा गोळ्या घालून मारली, याचा सल अजून गेलेला नाही. आजीने त्याबद्दल बोलताना फणी खाली ठेवली. गालिच्याच्या किनारीतून एक उजळ धागा मधल्या नक्षीपासून बाहेरच्या काठापर्यंत नेलेला होता. मला तो दोष वाटला. ती विणणारीची वाट होती: इतका जीव आणि विचार ज्यात ओतला त्यात तो कायमचा कोंडून राहू नये, पुढच्या विणकामासाठी बाहेर पडता यावा, म्हणून सोडलेली. तो गालिचा मी विकत मागितला. तो आधीच कोणाला तरी देऊ केलेला होता. हातभर लांबीचा दुसरा मात्र 280 डॉलरला मिळाला. घासाघीस केली नाही. महिन्याच्या कामाचा तो भाव आहे.

ज्यांना गालिचे अधिक पाहायचे आहेत त्यांनी परतताना गनाडोचे हबेल ट्रेडिंग पोस्ट पाहावे. जॉन लोरेन्झो हबेल याने ते 1878 साली घेतले, 1967 साली ते राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेले आणि दुकान अजून चालू आहे. लाकडी जमीन पायाखाली करकरते, विक्रीचे कट्टे छातीइतके उंच आहेत आणि मागच्या खोलीत गालिच्यांच्या थप्प्या. लाल जमिनीवर मधोमध शंकरपाळ्याच्या आकाराचा मोठा चौकोन असलेली ‘गनाडो रेड’ ही घडण याच दुकानाच्या मागणीतून रुजली. अर्धा तास पुरतो.

खाटांवरच्या घोंगड्या पातळ आहेत आणि जुलैतही पहाटे थंडी वाजते, तेव्हा स्वतःचे पांघरूण न्यावे. घराचा पत्ता रस्त्याच्या नावाने मिळत नाही. पाण्याची टाकी, मग जुनी लाल गाडी, मग तिसरे वळण, असा मिळतो, आणि तो अचूक असतो. माणसांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये आणि एकदा नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारू नये. ठरलेल्या वेळापत्रकाने, मिनिटामिनिटाला काहीतरी दाखवणारी सफर ज्यांना हवी त्यांनी कड्यावरच्या रस्त्याने स्वतः फिरावे. तिथून दृश्य सुंदर दिसते आणि कोणी नाही म्हणत नाही. एरवी राहण्याच्या सोयीला मी पाचांतले तीन तारे देते, जेवणाला चार, आणि नातवाच्या सोबतीला पाच.

निघताना लेकीला विचारले की कथांसाठी कधी यावे. तिने आकाशाकडे पाहिले, थोडा वेळ गेला, या वेळी मी मध्ये बोलले नाही. जानेवारी, ती म्हणाली, पण वाळू गोठली तर ट्रक दरीत जाणार नाही, आणि शेगडीची लाकडे तुम्हालाच फोडावी लागतील. आम्ही दोन रात्रींचे पैसे देऊन ठेवले आहेत. नवाहो नेशन आणि ॲरिझोना यांची घड्याळे जानेवारीत एकच वेळ दाखवतात.